मास्तरांवर हात उचलला तो शनिवार

मैदानाबाहेर मी आयुष्यात एकाच माणसाला रक्त येईपर्यंत मारलं. ते सदुसष्ट वर्षांचे होते, जाड काचांचा चष्मा लावायचे, आणि मारण्याच्या अर्धा तास आधी मीच त्यांच्यासाठी खुर्ची ओढून दिली होती.

आम्ही दोघं एकाच फुटबॉल क्लबचे. क्लब जर्मनीतला, शंभराहून जास्त वर्षांचा, कोळसा आणि पोलादाच्या एका शहरातला. नाव लिहीत नाही. त्या नावासाठी मी पुरेशी मारामारी केली आहे. ते त्या शहरात जन्मले आणि लग्न करून सिंगापूरला आले. इथं बरीच वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणायचो. मी चिंचवडचा. वडील फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर होते. घरी आल्यावरही तो हॅमर त्यांच्या कानात वाजत असावा, कारण आम्ही दोघं भाऊ जरा मोठ्यानं बोललो की पट्टा निघायचा. मी उलटून कधीच काही केलं नाही. शाळेत, कॉलेजात, पहिल्या नोकरीत, मी मार चुकवणारा माणूस होतो.

अठ्ठाविसाव्या वर्षी कंपनीनं मला त्या शहरात चार वर्षांसाठी पाठवलं. वर्कशॉपमधला फोरमन, गळ्यापर्यंत गोंदवून घेतलेला आडदांड माणूस, मला पहिल्यांदा मॅचला घेऊन गेला. बसायच्या जागेवर नाही, उभं राहायच्या स्टँडवर. तिथं माणसांना माणसं इतकी चिकटलेली असतात की हात वर केला तर खाली घ्यायला जागा उरत नाही. पहिला गोल झाला तेव्हा मागच्यानं माझ्या पाठीत दोन्ही मुठींनी दणादण गुद्दे घातले, पुढच्यानं वळून माझं डोकं काखेत दाबलं, वरून कुणाची तरी बियर मानेवर ओतली गेली. बरगड्या दोन दिवस दुखत होत्या. मी सोमवारी कामावर गेलो तेव्हा फोरमननं विचारलं, "दुखतंय?" मी हो म्हणालो. "मग झालास तू आमचा," तो म्हणाला.

त्यानं मला क्लबचा इतिहास सांगितला. क्लब काढला तो ओतकाम शिकणाऱ्या उमेदवार पोरांनी. मैदान म्हणजे कत्तलखान्यामागचं राखेचं पटांगण. जागेच्या मालकानं त्यांना हुसकावायला माणसं पाठवली, तर या पोरांनी गोलचे खांब उपटले आणि त्याच खांबांनी त्या माणसांना बडवलं. एकाचा जबडा मोडला. क्लबच्या संग्रहालयात या प्रसंगाचं मोठं चित्र आहे आणि लहान मुलांना शाळेतर्फे ते दाखवायला आणतात. पुढं खाणीत स्फोट झाला, युद्धात बॉम्ब पडले, भट्ट्या बंद पडल्या, पण क्लब राहिला. आपला माणूस आपण खाली पडू देत नाही, हे तिथलं घोषवाक्यच. हॅमरवाल्याच्या मुलाला हे सगळं ओळखीचं वाटलं. फक्त इथं मार बसल्यावर कुणीतरी खांद्यावर हात टाकत होतं.

आता ती ट्राम स्टॉपची गोष्ट. मी ती दहा-अकरा वर्षं जशी सांगत आलो तशी आधी सांगतो.

डिसेंबर होता. आम्ही घरच्या मैदानावर शेजारच्या शहराशी, आमच्या जुन्या वैऱ्यांशी, हरलो होतो. पाच वाजताच अंधारून आलं होतं. मी स्टेडियमबाहेरच्या ट्राम स्टॉपवर एकटा उभा होतो. त्या वैरी क्लबचे चौघे आले. एकानं माझी टोपी उडवली, दुसऱ्यानं पोटात ठोसा मारला. मी खाली पडल्यावर बुटांनी मारायला लागले. तेवढ्यात आमच्या क्लबची माणसं धावत आली, त्यांनी त्या चौघांना पिटाळलं, मला उचललं, बर्फ झटकला, पबमध्ये नेलं. माझा खालचा ओठ फाटला होता, आणि त्या फाटक्या ओठानं मी त्यांच्याबरोबर क्लबचं गाणं म्हटलं.

ही गोष्ट मी बायकोला सांगितली. फोनवर भावाला सांगितली. मुलगी जरा मोठी झाल्यावर तिला तर कितीदा सांगितली. ओठावरच्या व्रणावर ती बोट ठेवून म्हणायची, "बाबा, टेल द ट्राम स्टोरी."

सिंगापूरला आम्ही मुलगी दोन वर्षांची असताना आलो. ऑफिस पाया लेबारला, घर जुरोंग ईस्टला, आणि वर्षभरात मला इथं क्लबची माणसं सापडली. पंधराएक जण. पाया लेबारच्या एका कॉफीशॉपचा मालक शनिवारी टीव्ही आमच्या ताब्यात द्यायचा. मास्तर वयानं सगळ्यांत मोठे, आणि आमच्यातले एकटेच खरे त्या शहरातले. गोलकीपर होता एक मलाय माणूस, पार्सलची व्हॅन चालवणारा, दारासारखा रुंद. बाकी बँकवाले, कॉम्प्युटरवाले. दर रविवारी सकाळी आम्ही टॅम्पिनीसला फ्लॅट्सच्या मधल्या जाळीच्या कोर्टवर पाच-पाच जणांचा फुटबॉल खेळायचो.

त्या कोर्टवर मी वेगळाच माणूस व्हायचो. ऑफिसमध्ये मी मीटिंगला दार हळू लावणारा. कोर्टवर मी समोरच्याच्या घोट्यावर बूट घालायचो. एकदा एका बँकवाल्याला मी जाळीवर असं आदळलं की जाळीची तार त्याच्या गालात शिरली. दुसऱ्या एकाचा गुडघा माझ्यामुळं दोन महिने बांधलेला होता. कुणी तक्रार केली नाही. उलट कॉफीशॉपमध्ये माझी पाठ थोपटायचे. "हा खरा आपल्या क्लबचा," म्हणायचे. मास्तर मात्र बाकावर बसून नुसते बघायचे. बँकवाल्याचा गाल फाटला त्या दिवशी ते एकटे त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले होते.

मागच्या वर्षी क्लबच्या वाढदिवसाला आम्ही टॅम्पिनीसमध्ये मास्तरांच्या सोसायटीची, कॉन्डोची, फंक्शन रूम घेतली. शनिवार, दुपारी चारची वेळ. आधी मास्तर क्लबच्या इतिहासावर अर्धा तास बोलणार, मग खाणंपिणं, मग रात्री टीव्हीवर मॅच. बायकोला बरं नव्हतं म्हणून मी मुलीला बरोबर घेतलं होतं. ती बारा वर्षांची. क्लबची जर्सी घालून सगळ्यांना करी पफ वाटत होती.

मास्तर बसून बोलले. त्या दिवशी त्यांचे पाय दुखत होते, म्हणून मी खुर्ची ओढून दिली. त्यांनी कत्तलखान्यामागचं मैदान सांगितलं, खांब उपटल्याचं सांगितलं, लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग ते म्हणाले, "आता संग्रहालयात ज्याचं चित्र नाही ते सांगतो."

नाझी सत्तेवर आले तेव्हा क्लबचा एक डॉक्टर होता. ज्यू. खेळाडूंची मोडलेली हाडं तो फुकट बसवायचा. क्लबनं एका सभेत त्याचं सदस्यत्व काढून घेतलं. तेवढ्यावर भागलं नाही. एका रविवारी सकाळी क्लबचे तीन खेळाडू त्याच्या घरी गेले. त्याला त्याच्याच तपासणीच्या टेबलावर आडवा धरला आणि त्याची बोटं मोडली. एकेक करून. दहाही. बायको दारात किंचाळत होती. खाली रस्त्यावर लोक चर्चला निघाले होते, त्यांनी वर पाहिलं आणि चालत राहिले.

माझी मुलगी हातात ट्रे घेऊन तशीच उभी होती.

"त्या तिघांतला एक माझा बाप," मास्तर म्हणाले. "आदल्याच वर्षी त्या डॉक्टरनं त्याची नडगी बसवली होती. बाप ऐंशीच्या पुढं जगला. आयुष्यभर सांगायचा, डॉक्टरला मारलं ते दुसऱ्या क्लबच्या लोकांनी. आम्ही वाचवायला गेलो होतो, पण उशीर झाला. मी त्याच गोष्टीवर वाढलो. वर्गात मुलांना अभिमानानं सांगितली. खरं काय ते आईनं सांगितलं, तो गेल्यावर. तिनं त्याचा रक्तानं भरलेला सदरा धुतला होता."

कुणीतरी विचारलं, "मग डॉक्टरचं काय झालं?"

"माहीत नाही. मी खूप शोधलं. नाव सापडतं, माणूस सापडत नाही."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या मुलाकडं बघावं तसं. आणि इंग्रजी सोडून जर्मनमध्ये बोलायला लागले, बाकीच्यांना कळू नये म्हणून. पण मुलीला मी थोडं जर्मन शिकवलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुझी ट्राम स्टॉपची गोष्ट," ते म्हणाले. "मी त्या स्टॉपवर पोरवयात हजारदा उभा राहिलोय. तो आपल्या स्टँडच्या गेटसमोर आहे. शेजारच्या शहराशी मॅच असली की पोलीस त्यांच्या लोकांना पलीकडच्या गेटनं काढून थेट बसमध्ये घालतात. त्यांचे चौघे तिथं पोचूच शकत नाहीत. कुणाचे होते ते चौघे?"

"त्यांचेच," मी म्हणालो.

"नीट आठव. मी बापाला कधी विचारलं नाही. म्हणून तुला विचारतोय. त्यांच्या गळ्यात कोणते मफलर होते?"

मला मुलगी दिसली. तिला कळत होतं. तिची नजर माझ्या ओठावर होती.

मी उठलो आणि मास्तरांच्या तोंडावर ठोसा मारला. चष्म्याची फ्रेम मोडल्याचा आवाज आला. ते खुर्चीवरून अर्धे घसरले, तर मी त्यांची कॉलर धरून पुन्हा मारलं, डाव्या भुवईवर. भुवई उघडली. रक्त इतकं पटकन आलं की मला वाटलं ते माझंच आहे. ते खाली पडले. मग मी लाथ मारली. एकच मारली, पण मारली. बरगडीत. पायाला हाडाचा टणकपणा लागला आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी बरं वाटलं. अजून मारावंसं वाटलं.

"बाबा, स्टॉप! स्टॉप लाह!" मुलगी इथल्या शाळेतल्या इंग्रजीत ओरडत होती. तिच्या हातातला ट्रे केव्हा पडला माहीत नाही.

गोलकीपरनं मला मागून उचलून आपटलं. माझा गाल फरशीवर, त्याचा गुडघा माझ्या पाठीवर. मी हात-पाय झाडत होतो, मराठीत शिव्या देत होतो, ज्या मी वडिलांच्या तोंडून ऐकल्या होत्या आणि कधी उच्चारल्या नव्हत्या. "ब्रो, इनफ. ही इज ओल्ड मॅन, ब्रो," तो माझ्या कानात पुन्हा पुन्हा सांगत होता. फरशीवरून मला समोर मास्तर दिसत होते, आमची तोंडं एकाच पातळीवर. एक डोळा रक्तानं बंद. दुसऱ्या डोळ्यानं ते माझ्याकडंच बघत होते. त्यांच्या बायकोनं, एका लहानखुऱ्या चिनी बाईनं, अंगातला कार्डिगन काढून त्यांच्या कपाळावर दाबला होता. तो पांढरा कार्डिगन माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला.

सिक्युरिटी गार्डनं पोलिसांना बोलावलं. मला बेड्या घालून स्विमिंग पूलच्या कडेनं नेलं. पाण्यात मुलं खेळत होती, ती कडेला येऊन बघायला लागली. माझ्या मुठीवर सुकलेलं रक्त होतं आणि माझी मुलगी गोलकीपरच्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

आता खरं काय झालं ते.

त्या चौघांच्या गळ्यात आमचेच मफलर होते. मॅच हरलो होतो, ते प्यायलेले होते, आणि स्टॉपवर एक काळा माणूस एकटा उभा होता. थंडीमुळं मी जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली होती, त्यामुळं माझा मफलर आत होता. "तू इथं काय करतोस?" एकानं विचारलं. मी जर्मनमध्ये उत्तर दिलं, त्याचा त्याला जास्तच राग आला. पोटात ठोसा बसला. मी पडलो. डोकं बाकाच्या लोखंडी पायावर आपटलं. चौघेही मारत होते, बुटांनी, न बोलता, कामावर असल्यासारखे. एकाचा गुडघा तोंडावर आला आणि ओठ फाटला. मी हातांनी डोकं झाकलं होतं, लहानपणी झाकायचो तसं, आणि मला वाटलं, मी आता इथं मरणार.

कुणीतरी मला कॉलरला धरून ओढलं. चेन फाटली. आतला मफलर बाहेर आला.

"थांबा! थांबा रे," एक जण ओरडला. "हा आपला आहे!"

आणि ते थांबले. एका क्षणात. ज्यानं लाथा मारल्या होत्या त्यानंच मला काखेत हात घालून उचललं. दुसऱ्यानं टोपी शोधून आणली, झटकली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "आधी सांगायचं नाहीस का?" असं ते म्हणाले, आणि त्यात खरंच काळजी होती. पबमध्ये नेलं. ओठाला लावायला बर्फ मागवला. मला दोन बियर पाजल्या. एकानं माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्या पबला ओरडून सांगितलं की हा आपला आहे, याला कुणी हात लावायचा नाही. लोकांनी ग्लास उंचावले. मी हसलो. गाणं म्हटलं, तो भाग खरा होता.

मार खाल्ल्याची मला लाज नव्हती. तो मी लहानपणापासून खात आलो होतो. लाज याची होती की त्या संध्याकाळी, ज्यांनी मला तुडवलं त्यांच्यामध्ये बसून, मला आयुष्यात पहिल्यांदा इतका आनंद झाला होता. घरी चालत जाताना मी एकटाच ते गाणं गुणगुणत होतो. पुढच्या मॅचला मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्याच्या पुढच्या मॅचला, पार्किंगमध्ये, त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पाडलं, तेव्हा मी तिथं होतो. मी मारलं नाही. पण तो माणूस रांगत सुटायला बघत होता आणि त्याची वाट माझ्या बाजूनं होती. मी बाजूला झालो नाही. त्याचा चेहरा मला आठवत नाही. त्याचा हात आठवतो, बर्फात पंजा टेकलेला.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

जामीन मिळून घरी आलो. पासपोर्ट पोलिसांकडं. दुसऱ्या दिवशी बायको मला न सांगता मास्तरांकडं गेली. आल्यावर सोफ्यावर पर्सही न काढता बसली.

"मी त्यांना विनंती केली," ती म्हणाली. "म्हटलं, ढकलाढकलीत पडलो असं सांगा. आमचं पीआर, इथं कायम राहायचा परवाना, जाईल, पोरीची शाळा जाईल."

"मग?"

"खोटं बोलणार नाही म्हणाले. त्यानं मला दोनदा ठोसा मारला, एकदा लाथ मारली, हेच सांगणार. पण त्याला शिक्षा व्हावी अशी माझी मागणी नाही, हेही सांगणार." तिनं पर्स खाली ठेवली. "सात टाके आहेत रे. डोळा उघडत नाहीये. मला त्यांच्यासमोर बसवेना."

"मी जायला हवं होतं."

"तुला पोलिसांनी मनाई केलीय. आणि गेला असतास तरी काय बोलला असतास? तू का मारलंस ते तरी मला सांग."

मी सांगितलं. तिला आणि मुलीला, दोघींना समोर बसवून, ट्राम स्टॉपपासून पार्किंगपर्यंत. बायको रडली. मुलगी रडली नाही. ती नखानं टेबलाची कड खरवडत होती.

"सो दे व्हॅक यू," ती म्हणाली, "अँड देन यू जॉइन देम."

"हो."

"अँड यू टोल्ड मी दे सेव्ह्ड यू."

"हो."

"अंकलनं ओन्ली क्वेश्चन विचारला. दॅट्स ऑल लाह. ओन्ली अ क्वेश्चन." एवढं बोलून ती खोलीत गेली. कितीतरी दिवस ती माझ्याशी मराठीत बोललीच नाही. आईशी बोलायची, माझ्याशी इंग्रजीत, तेही कामापुरतं. एकदा मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलो तर तिनं मान आखडून खांदे वर घेतले. तो आखडण्याचा प्रकार मला चांगला माहीत होता. मी तिला कधी बोटही लावलं नव्हतं. मी हात मागं घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

चौकशी चार महिने चालली. मला पुन्हा पुन्हा बोलावलं. तपास करणारी अधिकारी तरुण मुलगी होती, अतिशय शांत. तिनं मला फोटो दाखवले. भुवईचा, बरगडीवरच्या निळ्या डागाचा, कार्डिगनचा. "तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?" तिनं विचारलं. मी सांगितलं की हे मी केलं. का केलं ते सांगायला लागलो, तर तिनं तेही लिहून घेतलं, पण तिला त्याचं फारसं काही वाटलं असं दिसलं नाही. बरगडी मोडली नव्हती, मुका मार होता, म्हणून कलम सौम्य राहिलं. शेवटी कडक ताकीद मिळाली, अटींसकट. वर्षभरात पुन्हा काही केलं तर दोन्ही गुन्ह्यांचा खटला चालणार. सिंगापूरच्या कायद्यात असलेली वेताच्या फटक्यांची शिक्षा माझ्या कलमाला नव्हती, पण मी त्या चार महिन्यांत रोज स्वप्नात ते फटके खाल्ले, आणि मारणारे वडील असायचे.

ताकीद मिळाल्यावर मी क्लबच्या माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. सगळं खरं लिहिलं. चार जण ग्रुप सोडून गेले. एकानं लिहिलं की मास्तरांनी वाढदिवसाच्या दिवशी असलं काढायलाच नको होतं. त्यावर ज्याच्या गालात तार शिरली होती तो बँकवाला म्हणाला, मग कधी काढायचं? त्यांची तिथंच जुंपली. आठवडाभरात ग्रुप मोडला. गोलकीपर तेवढा भेटायला आला. कॉफीशॉपमध्ये बसला, तेह, म्हणजे इथला दुधाचा चहा, मागवला आणि म्हणाला, "तुला धरताना माझा खांदा गेला, ब्रो. अजून पार्सल उचलताना दुखतो." मी माफी मागितली. तो म्हणाला, माझी नको मागू.

मास्तरांकडं जायला मला अजून एक महिना लागला. आधी पत्र लिहिलं, जर्मनमध्ये. त्यांनी उत्तरात फक्त वार आणि वेळ कळवली.

दार त्यांनीच उघडलं. डावी पापणी आता अर्धीच वर जाते. भुवईत मधोमध केस उगवलेले नाहीत. नवा चष्मा होता. मी दारातच म्हणालो, "मी तुमच्या बापापेक्षा वेगळा नाही."

"नाहीस," ते म्हणाले. "आत ये."

त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही आणि मीही तसं मागितलं नाही. टेबलावर एक जाड वही होती. क्लबचा जो इतिहास संग्रहालयात नाही तो ते लिहीत होते. "आता पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "सावकाश. चौघांपैकी कुणी आधी मारलं, कुणी काय म्हटलं, मफलर कसा होता. तुला उचललं कुणी तेही. आणि तो पार्किंगमधला माणूस."

मी दोन तास बोललो. ते लिहीत होते. मधे एकदा त्यांनी पेन ठेवलं, ते पाणी प्यायले आणि पुन्हा लिहायला लागले. शेवटी पार्किंगपर्यंत आलो. त्यांनी विचारलं, "तू हललास का?" मी नाही म्हणालो. त्यांनी तेही लिहिलं.

आतल्या स्वयंपाकघरात त्यांची बायको होती. सुरीचा आवाज येत होता, फळ कापल्याचा. ती बाहेर आली नाही, बशीही आली नाही. मी निघालो तेव्हा ती लिफ्टपर्यंत माझ्या मागून आली. इतकी लहानखुरी बाई, माझ्या छातीपर्यंत येणारी, पण मी भिंतीला टेकलो.

"मी तुझ्यासाठी दार उघडणार नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "त्यांना वाटलं तर त्यांनी उघडावं. ते रात्री कुशीवर वळले की अजून कण्हतात. मी शेजारी असते. तू नसतोस."

लिफ्ट आली. तिनं दार बंद होईपर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.

त्यानंतर मी तिथं तीनदा गेलो आहे. दर वेळी आधी फोन करून, ती बाजारात किंवा मुलाकडं गेली आहे ना, हे विचारून. मास्तर तेवढंच सांगतात, "गेलीय, ये," आणि वही काढून ठेवतात.